हळद लावलेला चढणीचा मासा

मासा मी पुस्तकातून शिकलो. आमचे गाव मिरजगावच्या पलीकडे, कोरड्या मुलखात. तिथली नदी म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने नुसती वाळू. मासळी आम्हाला ठाऊक होती ती बाजारात येणारी सुकट आणि बोंबील, दोन्ही वाळलेली. तरीही मिशनच्या बोर्डिंगात राहून, पुढे पुण्याला जाऊन, मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. मेलेल्या माशाचे हृदय न फाटता बाहेर काढण्यात वर्गात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पण वाहत्या पाण्यातला जिवंत मासा मी वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत पाहिलेला नव्हता. हे आमच्या प्राध्यापकांना माहीत नव्हते, आणि मीही त्यांना सांगितले नव्हते. पुढच्या सगळ्या मनस्तापाची सुरुवात तिथे झाली.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. परीक्षेचा निकाल लागल्यावर सरांनी मला खोलीत बोलावले.

"तुम्ही नगर जिल्ह्यातले ना?"

"होय सर."

"मग अकोल्याकडचा डोंगराळ भाग तुमच्या पायाखालचा असेल."

आमच्या गावाहून अकोल्यापेक्षा पुणे जवळ पडते, असे मी म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "माझे मामा राजूरजवळच्या एका गावात शिक्षक आहेत सर." हे खरे होते. मी तिथे कधी गेलो नव्हतो, हेही तितकेच खरे होते.

सरांचा खूश झालेला चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी मला सगळे समजावून दिले. पावसाळ्याच्या तोंडाला प्रवरेतले मासे उलटे, प्रवाहाविरुद्ध निघतात. ओढ्याओढ्यांनी डोंगराकडे चढत जातात. तिकडचे लोक त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ते अंडी घालायला जातात हे उघड आहे, पण घालतात कुठे? सरांच्या वाचनातल्या पुस्तकांत म्हटले होते, ओढ्याच्या तळाशी, वाळूत. सरांना वाटत होते की ते त्याहून पुढे, थेट भाताच्या खाचरांत शिरतात. पण वाटून भागत नाही.

"मला दोन गोष्टी हव्यात," ते म्हणाले. "पोटात अंडी असलेली एक पूर्ण वाढलेली मादी. अख्खी. आणि खाचरात घातलेली अंडी. आई आणि अंडी, दोन्ही. नुसती अंडी आणलीत तर ती कोणाची हे सांगता येणार नाही, आणि नुसती आई आणलीत तर ती कुठे व्याली हे कळणार नाही."

मग खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "कॉलेज उघडेल त्या दिवशी डेमॉन्स्ट्रेटरची जागा भरायची आहे. दोन अर्ज आहेत. दुसऱ्याचे गुण तुमच्यापेक्षा जास्त आहेत."

याहून स्पष्ट कोणी काय सांगायचे? माझे वडील मिशनच्या आवारात माळीकाम करीत. मुलगा पुण्याच्या कॉलेजात शिकवणार, हे त्यांनी आधीच गावभर सांगून ठेवले होते.

निघताना सरांनी मला रुंद तोंडाची, काचेच्या बुचाची एक मोठी बरणी दिली. तिच्यात फॉर्मॅलिन होते. या द्रवात ठेवलेला प्राणी वर्षानुवर्षे कुजत नाही. लढाईमुळे तेही मिळेनासे झाले होते. "हे सांडू नका," सर म्हणाले. "दुसरे नाही."

ती बरणी मांडीवर घेऊन मी पुण्याहून संगमनेर, संगमनेरहून अकोले आणि तिथून राजूर असा प्रवास केला. राजूरहून पुढे पायी. एक थेंब सांडला नाही.

मामांच्या घरी पोचल्यावर मामींनी बरणीचे बूच उघडून वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

"अगं आई! हे काय रे? मढ्याच्या खोलीतून आलास का?"

"ते औषध आहे मामी. मासा टिकवायचं."

"मासा टिकवायचं असलं औषध? ह्या वासानं मासा तर टिकंल, मानसं मरतील." त्यांनी बरणी पडवीच्या टोकाला नेऊन ठेवली. "तिथून हलवू नको. माझ्या चुलीजवळ न्हाई आनायची."

मामी बोलायला फटकळ आणि वागायला त्याहून प्रेमळ होत्या. मामा एकशिक्षकी शाळेतले शिक्षक. स्वभावाने इतके शांत की त्यांच्याशी भांडायलाही कोणी मिळू नये. मला अक्षरे त्यांनीच शिकवली होती, मी पाच वर्षांचा असताना, सुट्टीत आमच्याकडे आले होते तेव्हा. त्या रात्री जेवणाआधीच्या प्रार्थनेत ते म्हणाले, "हे प्रभू, या लेकराचे मासे वेळेवर चढू देत." मामी डोळे मिटल्या मिटल्याच म्हणाल्या, "आन् त्या बरनीचा वास उतरू दे. आमेन."

मग सुरू झाले वाट पाहणे. गावाच्या कडेने एक ओढा जात असे आणि पुढे प्रवरेला मिळत असे. पाऊस लागला होता, ओढ्याला पाणी आले होते. मी रोज सकाळी वही घेऊन काठावर जायचो. ओढ्याच्या वळणावर एक घर होते. ओढ्यात मासे धरायच्या जागा घरागणिक ठरलेल्या असत, आणि सगळ्यात चांगली जागा या वळणावरच्या घराची. घरधनी बोलतच नसे. दिवसभर ओढ्याकडे पाठ करून बांबूच्या कामट्यांचा सापळा विणत बसायचा, आणि मधेच उठून एक पाय पाण्यात बुडवून परत यायचा. बोलायचे काम त्याच्या बायकोकडे होते. मी तिला मावशी म्हणू लागलो.

"मावशी, मासे कधी चढतील?"

"पानी आलं की."

"पाणी तर आलंय."

"हे न्हाई ते पानी."

"मग कुठलं?"

"चढनीचं."

"ते कसं ओळखायचं?"

"मासं चढलं की."

हा संवाद मी वहीत लिहून घेतला आणि नंतर खोडला. मी घरधन्याला विचारले. त्याने पाण्यातला पाय काढला, झटकला आणि म्हणाला, "गार हाय अजून." आठ दिवसांत तो माझ्याशी एवढेच बोलला. मी खिशातून उष्णतामापक काढून पाणी मोजले. त्यावरून मला काहीच कळले नाही.

माशाचे नाव विचारावे तर ओढ्याच्या या काठाला एक, त्या काठाला दुसरे. एकाने 'खवल्या' सांगितले. शेजारी बसलेला म्हणाला, "खवल्या ह्यो नव्हं, त्यो." कोणता हा आणि कोणता तो, हे समोर मासा नसताना दोघे हातवाऱ्यांनी अर्धा तास सांगत होते. शेवटी दोघांचे एकमत झाले ते माझ्याबद्दल. "पाव्हन्यांनी मासा बगितलाच न्हाई कदी!" आणि हसायला लागले. मी बी.एस्सी. आहे असे मी त्यांना सांगितले. त्याने हसू थांबले नाही.

कॉलेज उघडायला बारा दिवस राहिले, मग आठ, मग पाच.

माझ्या मुक्कामाच्या नवव्या दिवशी सकाळी शाळेत कोणी आलेच नाही. मामांनी फळ्यावर तारीख लिहिली, रिकाम्या खोलीकडे पाहिले आणि दाराला कडी घालून मला म्हणाले, "चल. तुझे आले वाटते."

ओढा रातोरात तांबडा आणि रुंद झाला होता. वळणाच्या वर कमरेएवढ्या उंचीचा एक दगडी टप्पा होता आणि त्याच्यावरून पाणी खाली कोसळत होते. त्या कोसळत्या पाण्यातून मासे वर उड्या घेत होते. वीतभर, काही हातभर लांबीचे, रुपेरी, पोटाकडे पिवळसर. उडी घ्यायचे, दगडावर आपटायचे, खाली पडायचे आणि पुन्हा तिथूनच उडी घ्यायचे. एका माशाच्या उड्या मी मोजल्या, सहा वेळा पडला. सातव्यांदा टप्प्याच्या कडेला पाण्याचा एक पातळ पापुद्रा वाहत होता, त्यावरून तो अंग आडवे करून, जवळजवळ जमिनीवरून सरपटल्यासारखा वर गेला. पुस्तकात या सगळ्याला एक ओळ दिलेली होती. मी वही उघडायला विसरलो. त्या दिवसात मी चिडलो नाही अशी तेवढीच वेळ.

कारण सगळे गाव काठावर उभे होते आणि कोणीही मासे धरत नव्हते. सापळा तयार होता. घरधनी त्याच्यावर बसून तंबाखू मळत होता.

"मावशी, सापळा लावा की! चाललेत सगळे!"

"जाऊ द्या. पयली जाऊ द्यायची असत्यात. सूर्य डोक्यावर आला की लावायचा."

"पण का?"

"समदी आजच धरली तर पुढल्या वर्साला कोन येनार? तुमची बरनी?"

सगळे हसले. माझ्या बरणीची बातमी ओढ्यापर्यंत पोचली होती तर.

दुपारी सापळा लागला. बघता बघता भरला. मी पुढे होऊन माझ्या डोळ्यांना सगळ्यात फुगीर दिसलेल्या मादीकडे बोट केले. "मावशी, ही मला द्या. अख्खी."

मावशीने ती उचलली, दगडावर ठेवली आणि विळ्याने तिचे पोट फाडले. पिवळीधमक गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, बाहेर काढली, पळसाच्या पानात बांधली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"घ्या. पाव्हन्यांची."

मामांनी हळूच सांगितले, इथला रिवाजच असा. चढणीची अंडीवाली मासळी ओढ्याच्या काठावरून अख्खी हलवायची नाही. तिथेच फाडायची. अख्खी नेली तर मागून येणारे मासे माघारी फिरतात, असे मानतात. आणि गाबोळी घरच्यांनी खायची नाही. गावात पाहुणा असेल तर पाहुण्याची. त्या आठवड्यात गावात पाहुणा एकच होता.

संध्याकाळपर्यंत मामांच्या घरी पानांचे नऊ पुडे आले. प्रत्येक घराने आपापला मान पाठवला होता. मामींनी ते सगळे तिखट-मीठ लावून तव्यावर परतले आणि भाकरीबरोबर माझ्या ताटात वाढले.

"खा बाबा. एवढा मान तुझ्या मामालासुदिक न्हाई भेटला कदी."

मी खाल्ले. चव फार छान होती, त्याचाही मला राग आला. ज्याच्यावर माझी नोकरी अवलंबून होती ते मी भाकरीशी खात होतो.

दुसऱ्या दिवशी मी सापळ्याशेजारी जाऊन बसलो. मावशीला शास्त्र समजावून सांगितले. मासा अख्खा का हवा, पुण्याचे सर, अंड्यांचा आकार, सगळे. तिने मन लावून ऐकले. शेवटी म्हणाली, "म्हंजी तुमच्या सरांनाबी गाबोळी पायजे. मंग सांगा की तसं!" आणि आणखी तीन पुडे बांधून दिले.

तिसऱ्या दिवशी मी कोणाला न विचारता टप्प्याच्या खाली उतरलो. मासे माझ्या पोटऱ्यांना घासून जात होते. दोन्ही हातांनी एक पकडला. तो निसटला, मीही निसटलो. माझी एक चप्पल प्रवरेकडे गेली. काठावरून कोणी तरी ओरडले, "अवो, मासं वर चढत्यात आन् मास्तरांचं भाचं खाली चाललंय!" इतका हशा मी आयुष्यात दुसऱ्या कशाने निर्माण केलेला नाही.

ओला होऊन घरी आलो तेव्हा मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या एका चपलेकडे पाहिले. सूप खाली ठेवले, पाण्याची घागर कमरेवर घेतली आणि बाहेर पडल्या. तासाभराने आल्या तेव्हा घागर ओढ्याच्या तांबड्या पाण्याने काठोकाठ भरलेली होती आणि तिच्यात दोन फुगीर माद्या फिरत होत्या.

मला विश्वास बसेना. "हे कसं जमवलंत मामी? काठावरून हलवायचं नाही ना?"

"ओढ्याच्या पान्यातच हाईत न्हवं त्या? पानी ओढ्याचं, मासा पान्यात. हलवला कुठं?" मामी पदराने हात पुसत म्हणाल्या. "मी तिला म्हनलं, बाई, माझ्या भाच्याची भाकर हाय ह्यात. तिनं जरा इचार केला आन् म्हनली, घागर बुडवा. आत आलं ते तुमचं. इतकंच. तू तिला तीन दिस पुस्तक वाचून दावत हुतास."

मी दोन्ही माद्या बरणीत फॉर्मॅलिनमध्ये घातल्या. चिठ्ठी लिहून चिकटवली. इतका निश्चिंत मी त्या महिन्यात झालो नव्हतो. आता फक्त खाचरातली अंडी राहिली होती. उद्या सकाळच्या मोटारीने निघायचे, म्हणून मी लगेच डोंगराच्या पायथ्याच्या खाचरांकडे गेलो.

अंडी सापडली! सर म्हणाले होते तशीच, खाचरात, बांधाच्या कोपऱ्यात, घोट्याएवढ्या पाण्यात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, पण त्याहून बारीक, गवताच्या मुळांना चिकटलेली. ज्या माशांना पहिल्या दिवशी मुद्दाम जाऊ दिले होते, ते इथवर येऊन, अंडी घालून परत उतरलेही होते. मी खाचराची जागा, पाण्याची खोली, सगळे वहीत लिहिले आणि गवतासकट अंडी तांब्यात घेतली. घरी जाऊन ती फॉर्मॅलिनमध्ये घातली की काम संपले.

घरी आलो तर पडवीत बरणी नव्हती. ती चुलीजवळ होती. जिथे आणायची नाही असे मामींनी बजावले होते, तिथेच. राखेने घासून लखलखीत केलेली. आत दोन्ही माद्या, वरपासून खालपर्यंत पिवळ्याजर्द.

"मामी, हे काय?"

"मीठ-हळद लावून भरल्या. आता बग कशा ऱ्हात्यात."

"आणि आतलं औषध?"

"ते नासलं हुतं रे. वास बगितला न्हाईस का? डोळ्याला पानी येत हुतं नुसतं. त्यात तुझी मासळी सडली असती. परसात खड्डा करून वतलं, कोंबड्या जातील म्हनून वर माती लोटली." त्या समाधानाने माझ्याकडे पाहत होत्या. "काळजी करू नको. माझ्या आईच्या घरी असं मिठातलं मटन म्हैना म्हैना टिकायचं."

मी ओरडलो. मामींवर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. "मामी, तुम्ही माझी नोकरी खड्ड्यात ओतलीत! ते पुण्यात मिळत नाही, मुंबईत मिळत नाही. शिकलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावण्याआधी एकदा विचारावं तरी!"

मामी चुलीतले लाकूड मागे ओढत राहिल्या. मामा दारात उभे होते. ते म्हणाले, "झालं ते झालं. जेवून घ्या दोघंही." त्या दिवशीच्या प्रार्थनेत त्यांनी माशांचा उल्लेख केला नाही.

मी ओढ्यावर धावलो. पाणी निवळत होते, टप्प्यावर एकही मासा नव्हता. घरधनी सापळा उलटा करून वाळवत होता. "सपली चढन," मावशी म्हणाली. "आता पुढल्या वर्साला या."

सकाळी निघालो तेव्हा मामींनी ती पिवळी बरणी फडक्यात बांधून दारात ठेवली होती. मला ती न्यायची नव्हती. पण काचेची बरणी कॉलेजची होती, ती परत करणे भाग होते. तांब्यातली अंडी जिवंत नेण्याखेरीज दुसरा उपाय उरला नव्हता.

त्या प्रवासाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण अजून आठवले की चीड येते. पेट्रोल लढाईवर जात असल्यामुळे मोटारी कोळशावर चालत, आणि चढ आला की चालत नसत. राजूर ते संगमनेर तांब्या दोन्ही हातांत धरून मी अवघडून बसलो. शेजारच्या पागोटेवाल्या गृहस्थांनी अकोल्यापर्यंत तोंड मिटून ठेवले. मग त्यांना राहवले नाही.

"पाव्हनं, तांब्यात काय हाय?"

"अंडी."

"कोंबडीची?"

"माशाची."

त्यांनी पागोटे सारखे केले. "मंग उबवायला मासा कुटं हाय?"

मी बरणीकडे बोट केले. त्यांनी फडके बाजूला सारून पाहिले, हळद पाहिली, आणि पुढचा सगळा प्रवास ते माझ्यापासून शक्य तेवढे दूर सरकून बसले.

संगमनेरहून पुढे चंदनापुरीच्या घाटात मोटार थांबली. सगळ्यांना उतरवले, भट्टी पेटवली, पंखा फिरवला, दुपार गेली. उन्हाने कासावीस झालेल्या एका बाईने माझा तांब्या तोंडाजवळ नेला होता, तो मी अक्षरशः हिसकावून घेतला. "पान्याला न्हाई म्हनतोय मेला!" ती म्हणाली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे जसे पाहिले तसे कोणाकडेही पाहू नये. मी तांब्यात डोकावलो. गवताच्या मुळांवर अंडी नव्हती. त्यांच्या जागी पाण्यात केसासारखे बारीक, पोटाला पिवळी पिशवी लटकलेले जीव वळवळत होते. अंडी घाटात फुटली होती.

कॉलेज उघडले त्या दिवशी मी सरांच्या टेबलावर तांब्या ठेवला. निम्म्याहून जास्त पिले मेली होती.

सरांनी भिंगातून पाहिले. "खाचरातली?"

"होय सर. स्वतः काढली."

"पण ही कोणाची?"

मी फडक्याच्या गाठीला हात घातला.

"आणि फॉर्मॅलिन?"

मी फडके सोडले. सरांनी बरणीचे बूच काढले, वास घेतला, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या ऐवजी भुवया वर गेल्या. चिमट्याने एक मादी बाहेर काढून त्यांनी ताटलीत पाण्याखाली धुतली. मग जात ओळखण्यासाठी अंगाच्या बाजूच्या रेषेवरचे खवले मोजायला लागले. एक, दोन, तीन, मनातल्या मनात. पुन्हा मोजले. पर उलगडून त्यातले काटे मोजले. पोट उघडले. आत गाबोळी होती तशी, पिकलेली, एकेक दाणा सुटा. सरांचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते.

"टिकली आहे," ते म्हणाले. "थोडी आकसली, पण सगळं मोजता येतं. हळद कोणी लावली?"

"मामींनी. त्यांना वाटलं औषध नासलं."

"मासा कोणी मिळवला?"

"मामींनीच."

"गावच्या लोकांनी तुम्हाला दिला नाही?"

"नाही सर."

"मग इतके दिवस तुम्ही काय करत होता?"

मला खोटे बोलता आले असते. पण सुरुवातीच्या एका न सांगितलेल्या गोष्टीने मला बरेच शिकवले होते. "मी गाबोळी खात होतो, सर."

सर बराच वेळ हसले. मग दोन्ही माद्या नव्या बरणीत ठेवल्या, माझ्या तोंडून सगळे ऐकून वहीत टिपले: खाचर, पाणी, पहिल्या दिवशी जाऊ दिलेले मासे. जागा सहा महिन्यांसाठी मला दिली. पुढचे पुढे पाहू म्हणाले. मग नव्या बरणीची चिठ्ठी लिहायला बसले. ठिकाण, ओढा, जतनाची पद्धत: मीठ आणि हळद. मग 'संग्राहक' असे लिहून लेखणी थांबवली.

"मामींचं नाव?"

मला मामींचे नाव माहीत नव्हते. त्या मामी होत्या. आई त्यांना वहिनी म्हणे, मामा 'अगं' म्हणत, गावात त्या मास्तरीणबाई. त्यांनी माझी भाकरी घागरीतून आणली होती, मी त्यांच्यावर ओरडलो होतो, आणि त्यांचे नाव मला येत नव्हते. प्राण्यांची लॅटिन नावे मात्र मला दोनशे तरी पाठ होती.

"विचारून कळवतो सर," मी म्हणालो.

त्याच दिवशी मामांना कार्ड लिहिले. नोकरीचे कळवले, मामींची क्षमा मागितली आणि नाव विचारले. दहा दिवसांनी उत्तर आले. अक्षर मामांचे, पण बोलणे मामींचे. नाव एका ओळीत होते. पुढे लिहिले होते, "क्षमा बिमा राहू दे. एक चप्पल इथे आहे, दुसरी मिळाली तर पाठवते. आणि माझे नाव मासळीच्या बरणीवर लावायला तुमच्या सरांना दुसरी जागा नाही का? चारचौघांत लोक काय म्हणतील? ताबडतोब काढायला सांग."

पण कार्ड हातात येताच ते मी सरांना दाखवले होते, आणि त्यांनी त्यातली पहिली ओळ वाचून नाव चिठ्ठीवर शाईने लिहून, डिंकाने चिकटवून टाकले होते. बाकीचे कार्ड त्यांनी नंतर वाचले.

मी मामींना नाव काढले म्हणून कळवले. काढलेले नाही.